खिळ्यावरचा चष्मा

अस्मारात, मेदेबेरच्या बाजारात,
जिथं जुनी पिंपं दिवसभर मार खाऊन
संध्याकाळी शेगड्या होऊन बाहेर पडतात,
तिथं शेवटच्या बोळात टेकेस्तेची टपरी.
आढ्याला टायर. दाराशी वंगणाचा डबा.
आणि एका खिळ्यावर तो चष्मा.

नारिंगी काचांचा.
महिनाभर येता-जाता मी त्याच्यात
माझंच तोंड बघत होते,
आणि ते तोंड शर्यत जिंकलेलं दिसायचं.

रुमालात बांधून नऊशे नाक्फा नेले.
चारशे आईच्या शिलाईचे,
बाकीचे पहाटे घरोघरी पाव टाकून जमवलेले.
टेकेस्तेनं रुमालाकडे पाहिलंही नाही.
सायकल उलटी केली, चाक फिरवलं,
आणि वैद्य नाडी बघतो तसा गप्प राहिला.

"कुठली शर्यत?"
रविवारची. नेफासितला उतरायचं, परत वर यायचं.
"चढ तुझे पाय बघून घेतील," तो म्हणाला,
"उताराला पायांचं कोण ऐकतं?"

ब्रेकचे रबर काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवले.
धुणं संपल्यावर उरतात तशा
साबणाच्या दोन चिपा.

मग हेल्मेटं. मी निळं उचललं, झकास, स्वस्त,
मागं चित्त्याचा स्टिकर.
"सोल तो."
सोलला. खाली केसाएवढी भेग.
"स्टिकर कुणी उगाच लावत नाही, सेम्हार."
त्यानं दिलं ते राखाडी, बादलीसारखं,
पण पट्टा ओढला तर हनुवटी सोडेना.

गादी मी बोटानं दाबून बघत होते.
"बोट बसणार आहे का तिच्यावर?"

पंप निघाला त्याच्या बापाच्या वयाचा, लोखंडी.
आत चामड्याची चकती.
"तेलाचा थेंब दे, खोकला जाईल.
तो प्लॅस्टिकचा नको. दोन पंक्चरांत राम म्हणेल."
म्हणजे, राम तो म्हणाला नाही,
त्याच्या भाषेत संतांपैकी कुणीतरी होतं.
मी मराठी शिकले ती नंतर, पुण्यात, कॉलेजात,
आणि तो शब्द मला तिथं सापडला.

हातमोजे विकायला तो तयारच होईना.
"भावाचे लोकरीचे घे, बोटं काप."

बेरीज आठशे साठ.
उरलेल्या चाळिसांत चष्म्याची एक काडीही आली नसती.
मी आभार मानले नाहीत.
घरी जाऊन आईला म्हटलं, म्हाताऱ्यानं लुबाडलं.

रविवारी समुद्राकडून धुकं वर चढत आलं.
तिसऱ्या वळणावर रस्ताभर शेळ्या,
नुसत्या घंटा ऐकू येणाऱ्या.
मी ब्रेक दाबला आणि सायकल
आज्ञाधारक पोरासारखी थांबली.
माझ्या पुढं रिग्बे होती, नव्याकोऱ्या लाल बुटांत.
तिच्या चाकांनी किंकाळी फोडली
आणि ती कठड्याला घासत गेली.

गुडघा फुटला. बुटांना ओरखडा नाही.
ती आधी बुटांकडेच बघत होती.
मी ट्यूबला ठिगळ लावलं, बापाच्या वयाचा पंप मारला.
तो खोकला, पण हवा भरली.
मग दोघी चढलो, एकमेकींना शिव्या देत.
बाविसात एकोणिसावी आले मी. विसावी ती.

टेकेस्तेनं नंबर विचारला नाही.
चाक फिरवलं, रबर पाहिले.
"पावसाळाभर चालतील."

आता मी माझ्या पगारातून घेते.
दुकानदार वैतागेपर्यंत स्टिकर सोलते,
पट्टे ओढते, गादीवर बसून बघते,
सोबतच्या पोरींना शहाणपण शिकवते.

सुट्टीत घरी गेले की त्या बोळात जाते.
खिळा तिथंच आहे. हल्ली त्याला ट्यूब लटकतात.
चष्मा कुणी नेला, टेकेस्ते सांगत नाही.

म्हाताऱ्याचं सगळं बरोबर होतं.
तरी तो चष्मा मला अजून हवाय.